पौर्णिमा उलटली की येणारा रविवार

१९ एप्रिल २०१९ या दिवशी गिरगावात सूर्योदयाला मारुतीच्या देवळांतून जन्मोत्सव झाला, सुंठवडा वाटला गेला. त्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्याच गिरगावातले कॅथलिक शेजारी पांढऱ्या-काळ्या साध्या कपड्यांत चर्चमध्ये गुडघे टेकून बसले होते. हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एका तारखेला आले होते. अशा गोष्टीला आपण योगायोग म्हणतो आणि पान उलटतो. मीही उलटले असते, पण घरात जुनी कालनिर्णये न टाकण्याची खोड आहे. ती काढून बसलो आणि मग उठवेना.

२०१८ साली हनुमान जयंती ३१ मार्चला, ईस्टर १ एप्रिलला. २०२० मध्ये ८ एप्रिल आणि १२ एप्रिल. २०२२ मध्ये १६ आणि १७. २०२३ मध्ये ६ आणि ९. २०२५ मध्ये १२ आणि २०. २०२६ मध्ये २ आणि ५. दर वेळी आधी मारुतीचा जन्म आणि आठ दिवसांच्या आत येशूचे पुनरुत्थान! मधेच एखादे वर्ष तऱ्हेवाईक निघते. २०२४ चा ईस्टर ३१ मार्चला झाला आणि हनुमान जयंती थेट २३ एप्रिलला. पण त्या ईस्टरच्या मागच्या रविवारी काय होते, तर २४ मार्चची होळी. म्हणजे पौर्णिमा होतीच, चैत्राऐवजी फाल्गुनाची.

इतकी वर्षे मी ईस्टरला 'इंग्रजी' सण समजत होतो. नाताळ कसा, २५ डिसेंबर म्हणजे २५ डिसेंबर. ईस्टर मात्र दर वर्षी जागा बदलतो, याचे कारण तो तारखेचा सण नाहीच. तो आपल्या सणांसारखा चंद्राकडे बघून ठरतो. नियम सांगायला सोपा आहे. २१ मार्च हा वसंतसंपात धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा गाठायची आणि ती उलटल्यावर जो रविवार येईल तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्चच्या आधी कधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. २२ मार्चचा ईस्टर शेवटचा आला तो १८१८ साली, इकडे पेशवाई शेवटचे श्वास मोजत होती तेव्हा. पुन्हा तसा येईल २२८५ मध्ये.

यात एक गंमत आहे. चर्चची पौर्णिमा आकाशातली नसते, कोष्टकातली असते. आपल्याकडे पंचांगकर्ते तिथी गणिताने काढतात, गच्चीवर जाऊन चंद्र बघत नाहीत, तसेच हे. आणि गणित एकाच समीकरणावर उभे आहे: १९ सौर वर्षे म्हणजे जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास. आपला अधिक महिना याच हिशेबाने साधारण १९ वर्षांत सात वेळा येतो. पडताळून पाहायचे असेल तर २००७ आणि २०२६ ही १९ वर्षांच्या अंतराची साले घ्या. दोन्ही वर्षी हनुमान जयंती २ एप्रिललाच, आणि चर्चच्या कोष्टकातली पौर्णिमाही २ एप्रिललाच. चंद्र एकच असल्यावर उत्तरे जुळणारच.

पण मग रविवार कशाला? पौर्णिमेलाच का नाही? हा प्रश्न लालबाग-परळच्या माणसाला फोड करून सांगायला नको. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद त्याने नाक्यावर ऐकलेला असतो. ख्रिस्ती लोकांत हा वाद दुसऱ्या शतकात पेटला होता. येशूला क्रुसावर दिले ते ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण येतो वसंतातल्या पौर्णिमेला. आशिया मायनरमधले ख्रिस्ती म्हणत, चांद्रमासाची चौदावी तिथी धरा, वार कोणताही असो. रोमचे म्हणत, येशू उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तेव्हा वार सोडता येणार नाही. शेवटी ३२५ साली निकायाच्या धर्मसभेने सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले. तिथीही राहिली, वारही राहिला. असा तोडगा आपल्याला अजून सुचलेला नाही.

भिंतीवरचे इंग्रजी कॅलेंडर आज जसे आहे तसे आहे, तेही ईस्टरमुळेच. जुन्या रोमन गणनेत वर्ष अकरा-एक मिनिटांनी लांब धरले होते. शतकानुशतके ती मिनिटे साठत गेली आणि सोळाव्या शतकात खरा वसंतसंपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला. ईस्टर हळूहळू उन्हाळ्यात घसरणार हे दिसू लागले, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हणायला लावले. दहा दिवस गेले ते गेलेच. कॅथलिक पोर्तुगालने हे लगेच मानले. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे गणित म्हणून १७५२ पर्यंत नाकारले.

आता आपली मुंबई बघा. १६६५ मध्ये बेटे पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे आली. चर्चे, पाद्री आणि बाप्तिस्मा घेतलेले कोळी, भंडारी, कुणबी होते तिथेच राहिले. म्हणजे पुढची ८७ वर्षे एकाच मुंबईत दोन कॅलेंडरे चालत होती. हिशेब मांडून पाहिला तर १६६७ मध्ये कॅथलिकांचा ईस्टर १० एप्रिलला येतो आणि इंग्रजांचा ७ एप्रिलला. कागदावर इंग्रजांचा आधी, पण त्यांचे कॅलेंडर दहा दिवस मागे असल्यामुळे प्रत्यक्षात आठवडाभर नंतर! दादर-माहीमच्या भाविकांचे उपवास सुटून घरात मांसाचे कालवण रटरटत होते, तेव्हा किल्ल्यातल्या गोऱ्या साहेबांचा ईस्टरआधीचा पवित्र आठवडा नुकता सुरू होत होता.

पौर्णिमेचे आणखी एक. येशू क्रुसावर असताना भर दुपारी अंधार पडला, असे शुभवर्तमान सांगते. कोणी चटकन म्हणेल, सूर्यग्रहण असेल. पण सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि तो वल्हांडणाचा, म्हणजे पौर्णिमेचा सुमार. ग्रहणाचा प्रश्नच येत नाही. युरोपातल्या मध्ययुगीन पंडितांनाही हे कळले होते आणि त्यांनी तो अंधार चमत्काराच्या खात्यात जमा केला. मला चमत्काराशी देणेघेणे नाही. चंद्राचा हिशेब इतका चोख आहे की तो श्रद्धेलाही पळवाट ठेवत नाही, याची मौज वाटते.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. प्रत्यक्ष मोजाल तर दिवस ४६ भरतात, कारण रविवार उपवासात धरत नाहीत. सुरुवात होते भस्माच्या बुधवारी. कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि तू माती आहेस, मातीत जाशील, अशा अर्थाची आठवण करून देतात. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. आता पुन्हा चंद्राकडे बघा. चैत्री पौर्णिमेच्या दीडएक महिना मागे गेले की माघातली वद्य चतुर्दशी येते, म्हणजे महाशिवरात्र. २०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीची आणि भस्माचा बुधवार १८ चा. बाबुलनाथाच्या रांगेतून भस्म लावून आलेला माणूस आणि चर्चमधून राख लावून आलेला माणूस एकाच आठवड्यात चर्नी रोडच्या पुलावर समोरासमोर येऊ शकतात. ठरवून कोणी जुळवले नाही. दोघांनीही कपाळ निवडले आणि दोघांनीही राखच निवडली.

उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे. चर्चचा दंडक मांसाविरुद्ध आहे आणि चर्चच्या व्याख्येत मासे मांसात मोडत नाहीत. नियमाने शुक्रवारी मांस वर्ज्य. भस्माच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पोटभर जेवण. पण कित्येक घरांत चाळीसही दिवस मटण शिजत नाही, कोणी दारू सोडतो, कोणी सिगारेट. युरोपातल्या गरिबाला मासा ही खरोखर शिक्षा असेल. मुंबईच्या मूळ ख्रिस्ती माणसाला, ज्याचे पूर्वज कोळीवाड्यात किंवा त्याच्या शेजारी वाढले, त्याला बोंबील-मांदेलीवर चाळीस दिवस काढा म्हणणे ही कसली शिक्षा! आणि आजच्या भावात सुरमईची तुकडी कोंबडीपेक्षा महाग पडते. पाद्री लोक म्हणून हल्ली सांगतात, ताटातले काय काढले याच्यापेक्षा वाचवलेले पैसे कोणाला दिले ते बघा.

हे मूळ मुंबईकर ख्रिस्ती स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतात. नाव ऐकून बंगाली असतील असे वाटते, पण माणसे इथलीच आणि घरातली बोली मराठी. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले. सरकारी आणि रेल्वेच्या कचेऱ्यांत गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपण वेगळे, इथले जुने, हे दिसावे म्हणून. गिरगावच्या खोताच्या वाडीत त्यांची लाकडी जिन्यांची, कठड्यांच्या गॅलऱ्यांची घरे अजून थोडी उरली आहेत. पलीकडे धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाचे 'कूड', म्हणजे खलाशी आणि नोकरदारांचे क्लब, जिथे रात्री सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणायची शिस्त असते. वरून वसईकर, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी. दक्षिण मुंबईतल्या चर्चच्या फळ्यावर मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक उपासनेच्या, वेळा वाचल्या की एका भिंतीवर अर्धा भारत दिसतो.

पवित्र आठवडा सुरू होतो झावळ्यांच्या रविवारी. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी वाटेवर खजुरीच्या फांद्या अंथरल्या होत्या. आपल्याकडे माडाची किंवा ताडाची झावळी त्याच मानाने मिरवते. तिची पाती विणून छोटे क्रूस करतात. घरी आणलेली पाती वर्षभर देवाच्या तसबिरीमागे खोचलेली राहते आणि पुढच्या साली राख होते.

गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर कमरेला पंचा लावून बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पर्यंत नियमाने हे बाराही पुरुष असायचे. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी बायकांचीही वाट मोकळी केली. त्या मिस्सेत ग्लोरियाचे गीत सुरू होताना घंटा वाजतात आणि मग गप्प होतात. शनिवारी रात्रीपर्यंत एकही घंटा नाही. बोलावणे करायचे तर लाकडाची खडखडणारी फळी. गोव्याकडे तिला मात्राक म्हणतात. धातूचा गोड नाद सुतकात शोभत नाही, लाकडाचा कोरडा आवाज शोभतो. वेदीवरची वस्त्रे काढून घेतात. पवित्र भाकर ठेवायची पेटी रिकामी करून दार उघडे टाकतात. देवघर आवरून मूर्ती हलवलेल्या घरात शिरल्यासारखे वाटते.

शुक्रवारी जगभरातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. दुःखवृत्ताचे वाचन होते, क्रुसाचे चुंबन घेतात, चौदा टप्प्यांची क्रुसाची वाट चालतात. उपास पेजेवर सुटतो. 'गुड' फ्रायडे गुड कसा, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच. जुन्या इंग्रजीत गुड म्हणजे पवित्र, एवढेच त्याचे उत्तर. मराठीत शुभ शुक्रवार म्हणतात, तेही बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. 'हॅपी गुड फ्रायडे' असा निरोप मात्र कोणाला धाडू नका. श्राद्धाच्या दिवशी अभिनंदन केल्यासारखे होते.

आणि मग शनिवार. दिवसभर काहीही नाही. मला विचाराल तर ईस्टरचा सगळा जीव या शनिवारच्या रात्रीत आहे. रविवारची अंडी-बिंडी नंतरची. अंधार पडल्याशिवाय हा विधी सुरू करायचा नाही आणि उजाडायच्या आत संपवायचा, असा कडक नियम आहे. दादरचे पोर्तुगीज चर्च असो की गिरगावचे सेंट तेरेसा, दिवे सगळे मालवलेले. पंखेही बंद असले तर एप्रिलच्या मुंबईत काय होते ते सांगायला नको. बाहेर अंगणात शेकोटी पेटवतात आणि तिला आशीर्वाद देतात. होळी नुकती विझलेल्या शहरात पुन्हा एक अग्नी. या अग्नीवर एक भली मोठी मेणबत्ती लावायची असते, पास्काची मेणबत्ती. तिच्यावर फादर क्रूस कोरतात, क्रुसाच्या वर ग्रीक मुळाक्षरांतले पहिले अक्षर, खाली शेवटचे, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे पाच जखमांच्या जागी टोचतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेच्या मेणबत्तीवर 'यंदाचे' साल! हा सण स्मरणाचा नाही, आत्ता घडतो आहे, असा या चार आकड्यांचा अर्थ.

मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये शिरते. तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा पुकारा होतो. तिच्यावरून पहिल्या रांगेतली एक मेणबत्ती पेटते, तिच्यावरून शेजारची, आणि दोन-तीन मिनिटांत हजारभर ज्योतींनी चेहरे उजळतात. मूळ मेणबत्ती तेवढीच राहते, उजेड देऊन कमी होत नाही. मग एक्सुल्तेत नावाचे प्राचीन स्तोत्र गातात. ते मला फार आवडते, कारण त्यात मधमाश्यांचे आभार मानलेले आहेत. देवाच्या विजयाची एवढी मोठी घोषणा, आणि तीत मेण गोळा करणाऱ्या माशीची नोंद.

त्या स्तोत्राचा पालुपदासारखा सूर आहे: हीच ती रात्र. आणि गंमत अशी की कित्येक शतके ते भर सकाळी गायले जात होते. मध्ययुगापासून हा विधी मागे सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन बसला होता. ऊन खिडकीतून आत येतेय आणि फादर रात्रीचे गुणगान करतायत! पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रायोगिक म्हणून आणि १९५६ पासून सर्वत्र तो पुन्हा रात्री आणला. आपण ज्याला अतिप्राचीन परंपरा समजून भारावतो ती ईस्टरची रात्र, आजच्या रूपात, विसाव्या शतकाच्या मध्यातली आहे. जुनी परंपरा विसरली जाते आणि मग कोणीतरी ती पुन्हा शोधून आणतो, हेही परंपरेचेच एक अंग असावे.

ज्योती विझवून लोक बसतात आणि वाचने सुरू होतात. जुन्या करारातली सात. सृष्टीच्या उत्पत्तीपासून. वेळ नसेल तर कमी करायची मुभा आहे, पण एक वाचन गाळता येत नाही: मिसर देशातून पळालेले गुलाम समुद्र ओलांडतात, ते. कारण ईस्टरचे मूळ नाव त्याच गोष्टीत आहे. हिब्रू पेसाख, त्यावरून लॅटिन पास्का, पोर्तुगीज पाश्कोआ. 'ईस्टर' हे नाव इंग्रजीचे. आठव्या शतकातला बीड नावाचा भिक्षू सांगतो की ते एओस्त्रे या वसंतदेवतेवरून आले, आणि तिच्याबद्दल त्याच्याशिवाय जुने कोणी काही सांगत नाही.

मराठी बायबलात मात्र पेसाखला जो शब्द आहे तो ऐकून मी थक्क झालो: वल्हांडण. मृत्यूचा दूत इस्राएलांची घरे ओलांडून गेला, म्हणून 'ओलांडणे' या क्रियेच्या अंगाने जाणारा हा सण. दारावर खूण बघून मृत्यू उंबरठा न चढता पुढे गेला, हे सगळे त्या एका शब्दात आले. इंग्रजीने 'पासओव्हर' केला तो दोन शब्द चिकटवून. मराठीचा जन्मल्यासारखा वाटतो. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी तर हिब्रूशी संबंध तुटलेल्या काळातही हा सण 'अनाशी डाकाचा सण' म्हणून आपल्या मराठीत सांभाळला होता. आणि येशूची सगळी कथा ओवीत सांगायचे काम १६१६ मध्येच झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. शेक्सपियर वारला त्याच वर्षी ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. ज्ञानेश्वरांच्या छंदात येशूचे पुनरुत्थान सांगणारा माणूस इंग्रज होता, आणि ते छापायला देवनागरीचे खिळे नव्हते.

वाचने संपली की ग्लोरिया. गुरुवारपासून मुकी असलेली घंटा एकदम वाजते, वेदीवरच्या सगळ्या छोट्या घंटा वाजतात, दिवे लागतात, मूर्तींवरची जांभळी वस्त्रे उतरलेली असतात. चाळीस दिवस तोंडातून न काढलेला 'आलेलुया' शब्द परत येतो. प्रायश्चित्तकाळात हा एक शब्द गाण्यात, प्रार्थनेत, कुठेही वापरत नाहीत. शब्दाचाही उपवास! त्यानंतर पाणी. पास्काची मेणबत्ती पाण्यात बुडवून ते पवित्र करतात. प्रौढपणी ख्रिस्ती होणाऱ्यांचा बाप्तिस्मा याच रात्री होतो, बाकीच्यांवर ते पाणी शिंपडतात.

एवढ्या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी काय आहे? एक रिकामी जागा. येशू थडग्यातून उठला तो क्षण कोणीही पाहिला नाही. चारही शुभवर्तमानांत त्या क्षणाचे वर्णन नाही. चित्रकारांनी काढले आहे, पण लेखकांनी ते टाळले. रविवारी पहाटे काही बाया सुगंधी द्रव्ये घेऊन गेल्या, धोंड बाजूला लोटलेली, आत कोणी नाही. बस. जगातल्या सगळ्यात मोठ्या धर्माचा सगळ्यात मोठा सण 'इथे कोणी नाही' या बातमीवर उभा आहे. आणि बातमी पहिल्यांदा सांगितली मग्दालिया मरियेने, ज्या काळात बाईची साक्ष कोणी खिजगणतीत धरत नसे. कथा कोणी रचली असती तर साक्षीला एखादा वजनदार पुरुष उभा केला असता, असे अभ्यासक म्हणतात. मला हा युक्तिवाद पटतो.

आता अंडी. मध्ययुगात उपवासात अंडीही वर्ज्य होती, पण कोंबड्यांना कोण सांगणार? चाळीस दिवसांची अंडी साठत आणि ईस्टरला उकडून, रंगवून वाटली जात. अर्थ नंतर चिकटला: कवच म्हणजे थडगे, आत जीव. पूर्वेकडचे ख्रिस्ती ती लाल रंगवत. दादरच्या पारशी कॉलनीत किंवा इराण्यांच्या घरी २१ मार्चच्या नवरोजच्या मेजावर रंगवलेली अंडी दिसतात, तोही वसंतसंपाताचाच सण. मुंबईचे ईस्टर-अंडे मात्र कोंबडीचे नसते. ते असते मार्झिपानचे, आणि मार्झिपान युरोपात बदामाचे करतात, इथे काजूचे. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले, गोव्याच्या डोंगरांवर ते माजले आणि बदामाची जागा त्याने बळकावली. भायखळ्याच्या अमेरिकन एक्सप्रेस बेकरीसारख्या जुन्या बेकऱ्यांत पवित्र आठवड्यात ही गुलाबी-पिवळी अंडी मांडतात, वर साखरेची फुले. काजूकतली खाल्लेल्या जिभेला ती परकी वाटत नाहीत.

रविवारच्या जेवणात ईस्ट इंडियन घरी सोरपोतेल, डुकराच्या मांसाचे इंद्याल आणि तळून फुगलेले गोल फुगे. पिठाचा गोळा मुठीतून सुटून तेलात पडला की स्वतःच पालथा होतो. सगळ्याच्या मुळाशी बाटलीमसाला. लालबागच्या मसाला बाजारात डंख धडधडतात त्याच उन्हात ईस्ट इंडियन बायकाही आपला मसाला कुटून घेतात आणि बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात. काचेचा रंग उजेड आत येऊ देत नाही, म्हणून मसाला वर्षभर टिकतो. घटक किती, यावर दोन घरांचे एकमत होत नाही.

पुढच्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री गोखले रोडवरच्या पोर्तुगीज चर्चला जाऊन बघा. १५९६ पासून त्या जागी चर्च आहे. आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात बांधली. शिंपल्यांसारखी छपरे आणि मधे उघडी अंगणे, त्यामुळे शेकोटीचा धूर आणि रात्रीचे आकाश दोन्ही दिसते. उलटत चाललेल्या पौर्णिमेचा चंद्र असायला हवा, ढग नसले तर. जायला कोणी अडवत नाही. पवित्र भाकर घ्यायला रांग लागेल तेव्हा आपण बसून राहायचे, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. मेणबत्ती दारात मिळते. तिच्याभोवती कागदाची गोल चकती असते ती काढून फेकू नका. वितळलेले मेण हातावर ओघळते, आणि पोळते.